भिलवडी घाटावरच्या दोन काकांचे आभार

कृष्णेच्या स्वच्छतेसाठी निधी गोळा करत कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीजवळच्या हरिपूरला निघालेल्या आमच्या कॅनूचा (वल्ह्यांच्या छोट्या होडीचा) तळ भिलवडीच्या अलीकडे, उथळ पाण्यात, खडकावर घासून वीतभर तडकला. घाटावर जाळी सुकवणाऱ्या दोघा काकांनी कॅनू उलटी केली. आम्ही चिकटपट्टी लावायला काढली, तर म्हणाले, "ओल्यावर काय बी टिकत न्हाई." तडा उन्हात वाळवला. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडेनं दोन बोटं पॉलिश पेपर मारला. शंभर मिली पॉलिस्टर रेझिनला (चिकट द्रवाला) दीड मिली हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, तोही सिरिंजनं मोजून. त्यात भिजवलेल्या फायबर मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) दोन थर, बुडबुडे ब्रशनं दाबून काढलेले. वाळेपर्यंत पिठलं-भाकरी. पैसे? "नदीच्या डब्यात टाका." हरिपूरपर्यंत थेंब आत आला नाही. काका, नाव विचारायचंच राहिलं, मनापासून आभार.