डबेवाल्या काकूंना, धाकट्याच्या खोलीबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, सूनबाई वाचून दाखवतील, हे मला माहीत आहे. म्हणून सूनबाईंना आधीच सांगून ठेवते. काकूंचं नाव आणि डब्याचा नंबर मी मुद्दाम दिलेला नाही. "आणि गिऱ्हाईक नको बाई, दोनच हात हाईत मला," असं त्यांनीच बजावलंय. बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

तोंडी आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुढची जुडी निवडायला घेतलीत. त्यात काय होतं, ते आता लिहूनच काढते. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत ज्यांच्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे, त्यांना बारावीनंतर आमच्यासारखाच प्रश्न पडतो. त्यांच्याही कामाला येईल.

माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे. कॉम्प्युटरमध्ये डोकं चांगलं चालतं, बारावीला मार्कही बरे पडले आणि बेळगावात बीसीएला जायचं त्याचं त्यानेच ठरवलं. प्रवेशाचं काम त्या मानाने सोपं गेलं, कारण तिथे कागद बोलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, त्यातला एक. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, लेखनिकाची गरज असलेल्यांना परीक्षेत तासाला निदान २० मिनिटं जादा मिळतात. आमचे आप्पा सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरत होते. त्यांच्या वेळी बेळगावच्या कॉलेजांची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची असायची. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं हे त्यांना अजून नवीनच वाटतं. असो.

पण ती पिशवी कॉलेजच्या फाटकापर्यंतच उपयोगी पडते. खोली बघायला गेल्यावर तेच प्रमाणपत्र दाखवलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. "आमच्याकडे लहान मुलं आहेत ओ," असं एकाने तोंडावर सांगितलं. दुसऱ्याने खोली दाखवली, भाडं सांगितलं, आणि ऑटिझम शब्द ऐकल्यावर ती खोली कालच गेल्याची त्याला आठवण झाली. हॉस्टेलमध्ये एका खोलीत तिघे आणि रात्री उशिरापर्यंत दारं आपटणं. रोज गावाहून जाऊन-येऊन करायचं म्हटलं, तर आमचं गाव जांबोटीकडचं. पावसाळ्यात बस कधी येईल याचा नेम नाही, आणि आली तर आत पाय ठेवायला जागा नाही. मी नोकरीला कोल्हापुरात. आई-आप्पांना शेत आणि जनावरं सोडून बेळगावात बिऱ्हाड करणं जमणारं नव्हतं. त्याला ते नकोही होतं.

तुमच्या खाणावळीत जेवायला बसले तेव्हा मी कुणाशी तरी फोनवर हेच रडगाणं गात होते. तुम्ही भाकरी वाढता वाढता ऐकलंत. पुढे जे विचारलंत ते मी विसरणार नाही. मुलाला काय झालंय, बरा होणार काय, लग्नाचं कसं, हे तोवर सगळ्यांनी विचारून झालं होतं. तुम्ही विचारलंत, "कुठला आवाज सोसत नाही त्याला, ते सांगा की आधी."

मला पटकन सांगताच येईना. "शांत खोली पाहिजे," मी म्हटलं. त्यावर तुम्ही हसलात. "शांत घर बेळगावात कुठं हाय? कुठल्या घरात कधी काय वाजतंय, ते मला विचारा."

आणि खरंच तुम्हाला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं दोन्ही वेळचे डबे घेऊन तुम्ही गेटच्या आत जाताय. कुणाकडे पहाटे बोअरची मोटर चालू होते, कुणाच्या तळमजल्यावर ॲल्युमिनियमच्या खिडक्या कापायचं काम चालतं, कुठला कुत्रा रात्रभर भुंकतो, कुणाकडे रोज संध्याकाळी नातवंडं गोळा होतात. एजंटाला चौरस फूट आणि डिपॉझिट कळतं, यातलं काहीच कळत नाही. मी कुणालाही सांगेन की परगावच्या मुलासाठी खोली शोधताना आधी डबेवालीला गाठा, मग दलालाला.

त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसून मी फोनवरून धाकट्याला एकेक विचारत गेले आणि तुम्ही ऐकत होता. मिक्सर नको. कुकरची शिट्टी नको. जुन्या चोकची ट्यूबलाइट नको. ती गुणगुणते आणि फडफडते, आपल्याला जाणवत नाही, त्याला दुसरं काही सुचत नाही. फिनेलचा वास नको. न सांगता कुणी दार उघडलेलं नको. रेल्वे? रेल्वे चालेल, उलट पाहिजे. तुम्ही चमकलात. दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटजवळचं घर तुम्ही मनातून आधीच बाद केलं होतं, कारण गेटवर गाड्या कर्णा वाजवतात. पण राणी चन्नम्मा एक्सप्रेस कधी येते, गोवा एक्सप्रेस कधी, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि गाडी लेट असली तर मोबाईलवर दिसतं. येणार हे ठाऊक असलेला आवाज कितीही मोठा असला तरी तो सोसतो. शेजारचा मिक्सर कधी सुरू होईल ते कुठल्याही ॲपवर कळत नाही, तिथे तो कोसळतो. हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते आवाजांच्या यादीवरून ओळखलंत आणि बाद केलेलं घर परत यादीत घेतलंत.

पाण्याचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, पण बाकीच्या भागात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी पाळीने सुटतं. पाणी सुटलं की गल्लीभर मोटरी चालू, घागरी आणि बादल्यांची आदळआपट, "पाणी आलं ओ" म्हणून हाका. वेळ सांगता येत नाही, दिवसही पुढेमागे होतो. "चोवीस तास पाण्याचाच भाग बघूया, नाहीतर पोरगा दर आठवड्याला दचकंल," हे तुमचं वाक्य. दुसरी अट इन्व्हर्टरची घातलीत. पावसाळ्यात लाइट गेली आणि पंखा एकदम थांबला की त्याला त्या बदलाचाच त्रास होतो. तिसरं, मिरवणुकीचा रस्ता नको. शहरातली एक खोली मला फार आवडली होती, भाडंही कमी होतं. तुम्ही गल्लीचं नाव ऐकूनच मान हलवलीत. विसर्जनाची मिरवणूक तिथूनच कपिलेश्वर तलावाकडे जाते आणि शिवजयंतीचे चित्ररथ निघतात ती रात्र तर डॉल्बीची. बेळगावच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण खोली बघायला जूनमध्ये गेलेल्याला सुचतही नाही.

शेवटी ते रेल्वे गेटजवळचंच घर. वरची एक खोली, जिना बाहेरून, खाली घरमालक अज्जा-अज्जी दोघंच. भाडं आम्ही ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त होतं, ते तुम्ही घासाघीस करून थोडंफार उतरवलंत. अकरा महिन्यांचा करार कानडीत होता. आप्पांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. तुम्ही सूनबाईंना बोलावून ओळन् ओळ वाचून घेतलीत आणि दोन गोष्टी खाली जादा लिहून घेतल्यात: खोलीत यायचं असेल तर आधी मेसेज, आणि रंग, प्लंबर, वायरमन काहीही असलं तर एक दिवस आधी सांगणं. अज्जा जरा नाराज झाले, स्वतःच्या घरात जायला परवानगी कसली म्हणून. तुम्ही कानडीत त्यांना काय सांगितलंत देव जाणे, त्यांनी सही केली. ट्यूब काढून एलईडी बल्ब बसवायचा खर्च आम्ही दिला. फिनेलऐवजी जिना नुसत्या पाण्याने धुवायचं अज्जींनी मान्य केलं, तेही तुमच्याच शब्दावर.

अज्जींचं आणि त्याचं मेतकूट जमेल असं मला वाटलं नव्हतं. अज्जींना मराठी जेमतेम, त्याला कानडी चार शब्द. पण त्यामुळेच सोपं झालं म्हणायचं. रोज रात्री जिन्याखालून प्रश्न येतो, "ऊट आतेन?" (जेवण झालं का?) आणि वरून उत्तर जातं, "आत्री." (झालं.) त्यापुढे कुणी गप्पा मारत नाही, आजकाल काय चाललंय विचारत नाही, डोळ्यांत बघून बोल म्हणत नाही. आमच्या पाहुण्यांनी त्या अज्जींकडे शिकवणी लावावी.

जेवणाचं तर तुम्हाला पदरमोड करून करावं लागलं असेल. आमटी भाताला लागलेली चालत नाही, भेंडी आणि वांगं ताटात दिसलेलंही चालत नाही, भाकरी गरम नको आणि गारही नको. तुम्ही चार खणांचा डबा आणलात आणि झाकणावर आतलं काय काय ते खडूने लिहायला लागलात. डबा उघडताना काय निघेल याची धास्ती असली की तो उघडतच नाही, उपाशी राहतो, आणि भूक लागली हे त्याला उशिरा कळतं. हे मी एकदाच सांगितलं होतं. (कुंदा ही मिठाई मात्र तुम्ही उगाच पाठवता. बेळगावात राहून कुंदा न खाणारा तो एकटाच असेल. रवाळ लागतो म्हणतो. तो डबा शनिवारी माझ्याच पोटात जातो.)

रिकाम्या डब्याची खूण ही तुमचीच. तो रोज फोन करणार नाही आणि आम्ही रोज फोन केलेला त्याला आवडत नाही. तेव्हा ठरलं ते असं: रात्री आठपर्यंत रिकामा डबा गेटच्या हुकाला लागला तर सगळं ठीक. नाही लागला तर तुम्ही मला कळवायचं. घरी आई निर्धास्त झोपते ती या हुकावर.

आणि तो दिवस. कॉलेजात परीक्षेची खोली ऐनवेळी बदलली, वर पाऊस. तो कसाबसा पेपर देऊन आला आणि खोलीत बंद झाला. दुपारचा भरलेला डबा हुकालाच होता. अज्जा दार ठोठावणार होते, तुम्ही त्यांना जिन्यावरूनच खाली आणलंत. सूनबाईंकडून मेसेज लिहून घेतलात, तो माझ्याकडे आहे: "डबा दारात आहे. घाई नाही. बोलायला नको. बरा असशील तर फक्त १ पाठव." मी कोल्हापूर स्टँडवर बेळगाव गाडीच्या रांगेत उभी होते. तासाभराने तुमचा फोन आला, "एक आला. तुम्ही घरी जावा." त्या अवस्थेत त्याला शब्द फुटत नाहीत. आकडा पाठवता येतो हे आम्हाला घरच्यांनाही कधी सुचलं नव्हतं. आता आम्ही घरातही तसंच करतो: १ म्हणजे बरा आहे, २ म्हणजे एकटं सोडा, ३ म्हणजे या. ३ अजून आलेला नाही.

लोक मला म्हणतात, नशीब काढलंत, असा जीव लावणारं माणूस भेटलं. जीव लावणारी माणसं आम्हाला कमी नव्हती काकू. आत्या जीव लावते आणि आल्या आल्या गालाला हात लावते. तुम्ही नीट विचारलंत आणि जे सांगितलं ते पाळलंत. "थोड्या वेळात येते" म्हणायची तुमची सवयसुद्धा त्याच्यापुरती मोडलीत. चारला म्हटलं की चारला. एकदा उशीर होणार होता तर "४:२०" असा मेसेज आला म्हणून तो मला कौतुकाने सांगत होता. तो कुणाचं फारसं कौतुक करत नाही. तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "काकू बरोबर आहेत." त्याच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही, फ्रेम करून लावलंत तरी चालेल.

आता व्यवहाराचं. परीक्षा संपली की तो गावी येईल, तेव्हा सुट्टीत डबा बंद ठेवा. खोली सोडत नाही, अज्जांना भाडं पोचत राहील, करारही पुढे चालू ठेवायचं ठरलंय. गणपतीचे पहिले पाच दिवस आणि विसर्जनाचा दिवस तो घरी असेल, त्या दिवसांचे पैसे कापू नका, उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. चंदगडकडच्या एका बाईंचा फोन आला होता, त्यांच्या मुलीला पुढच्या वर्षी बेळगावात यायचंय आणि तिलाही ऑटिझमच आहे. तुमचा नंबर दिलेला नाही, आधी तुम्हाला विचारते असं सांगितलंय. दोनच हात आहेत हे ठाऊक आहे. डबा जमला नाही तरी चालेल म्हणतात, आवाजांची यादी घेऊन एकदा तुमच्या ओट्यावर बसता आलं तर बघा. मुलींसाठीची घरं तुम्हाला ठाऊक असतीलच.

आणि चार खणांच्या डब्याचं एक झाकण सैल झालंय म्हणून त्याने मला फोटो पाठवलाय. नवीन झाकण येताना मी कोल्हापुरातून घेऊन येते, तुम्ही आणू नका.

तुमची,
धाकट्याची ताई