आधी मोजणाऱ्या हातांची परीक्षा घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरात पोषण महिना आला की जिल्ह्याजिल्ह्यातील तीव्र कुपोषित बालकांचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. आकडा वाढला की अधिकाऱ्यांना धारेवर धरायचे, घटला की त्यांचा सत्कार करायचा. तो आकडा अंगणवाडीच्या खोलीत कसा तयार होतो, त्यावर मात्र एक ओळ छापून येत नाही. आम्ही सामुदायिक पोषण शिकवणारी मंडळी आहोत आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी आमची एकच सूचना आहे: मुले काट्यावर ठेवण्यापूर्वी मोजणाऱ्यांची चाचणी घ्या.

प्रत्येकीने तीच मुले दोनदा मोजायची आणि आकडे किती जुळतात ते पाहायचे, अशी ही चाचणी नवी नाही. ज्याँ-पिएर हाबिख्त यांनी ती १९७४ मध्ये एका स्पॅनिश लेखात मांडली. पुढे ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पोषणाचे प्राध्यापक होते. आज आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा जो आलेख आहे, त्याच्या मुळाशीही हीच शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुले मोजली: ब्राझीलमधील पेलोतास, घानातील अक्रा, ओमानमधील मस्कत, नॉर्वेतील ओस्लो, आपली दक्षिण दिल्ली आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस. डेव्हिसचे काम तिथल्या विद्यापीठातील पोषणतज्ज्ञांकडे होते. प्रत्येक मूल दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे, एकमेकांचा आकडा बघायचा नाही आणि शेवटी ताळा करायचा. वजनात १०० ग्रॅम, लांबीत ७ मिलिमीटर किंवा दंडघेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, तर दोघांनीही पुन्हा मोजायचे. त्यातून मुलांच्या वाढीचे २००६ चे मानक निघाले.

इतकी काटेकोरी कशासाठी, हे डेव्हिसच्याच दुसऱ्या कामावरून कळते. शेंगदाणे, दूध भुकटी, तेल आणि सूक्ष्मपोषके यांची पेस्ट, रोज साधारण २० ग्रॅम, ६ महिन्यांपुढील मुलांना देऊन पाहिली. २०२१ मध्ये अशा १४ चाचण्यांचे, ३७ हजारांवर मुलांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. खुजेपणाचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी दिसले. हा फायदा खरा आहे, पण मोजणाऱ्याचा हात दर मुलामागे सेंटिमीटरभर हलला असता तर तो इतका स्पष्ट दिसला नसता.

आता आपल्याकडची खोली पाहू. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून घेतात आणि त्याला दोन माणसे लागतात. एकीने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, मुलाची नजर सरळ छताकडे. दुसरीने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हाताने खालची फळी टाचांना भिडवायची आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचे. प्रत्यक्षात मदतनीस खिचडीपाशी अडकलेली, सेविका एकटी, मूल रडते आहे. गुडघे वाकलेले राहतात आणि लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी लागते. मग वजन त्या कमी लांबीशी ताडले जाते आणि हडकुळे मूल कागदावर बरे दिसते. तेच मूल वयाच्या हिशेबात जास्त खुजे ठरते. म्हणजे एकाच चुकीने तीव्र कुपोषण झाकले जाते आणि खुजेपणा फुगतो.

उलटी चूकही होते. अजून जावळ काढलेले नसते, किंवा वेणी घालून वर बो बांधलेला असतो. मूल टाचा उचलते. उंची जास्त भरते आणि धडधाकट मूल बारीक ठरते. पाऊण मीटर लांबीच्या आसपास सेंटिमीटरभर फरक पडला, तर वजनाची सीमारेषा दीडशे ते दोनशे ग्रॅमने सरकते. ओले लंगोट आणि चांदीचे वाळे मिळूनही तेवढा फरक पडू शकतो. आई वाळे काढायला नाखूश असते, त्यावर वाद घालू नये. नंतर वाळे वेगळे तोलून वजा करावेत.

काट्याचे दुखणे निराळे. शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवलेला काटा डुगडुगतो, बॅटरी उतरली की आकडा भरकटतो. रोज सकाळी किराणा दुकानातले शिक्क्याचे ५ किलोचे वजन ठेवून पाहावे. १०० ग्रॅमपेक्षा जास्त चुकला तर त्या दिवशी त्या काट्यावर मूल ठेवू नये. भिंतीवर खिळ्याने ठोकलेली उंचीची कागदी पट्टी तर काढूनच टाकावी, कारण भिंत सरळ नसते आणि खालचा शून्य जमिनीला टेकलेला नसतो. दोन वर्षांवरचे मूल उभे मोजायचे. ते उभे राहीनाच, तर झोपवून घ्यावे, लांबीतून ०.७ सेंटिमीटर वजा करावे आणि तसे लिहून ठेवावे.

चुका दोन्ही बाजूंना होतात, म्हणून सरासरीत त्या फिटतील, असे अधिकाऱ्यांकडून ऐकायला मिळते. सरासरीत फिटतात, पण टोकाला नाही, आणि तीव्र कुपोषण हे टोकच आहे. साधा हिशेब करा. उंचीनुसार वजन मानकाच्या मध्यापासून किती दूर आहे, हे प्रमाण विचलनाच्या एककात मोजतात आणि उणे ३ च्या खालचे मूल तीव्र कुपोषित धरतात. एखाद्या तालुक्यात उंचीनुसार वजनाची सरासरी मानकाच्या उणे १ वर आहे आणि मुलांमधला खरा फैलाव १ आहे. उणे ३ च्या खाली हजारात २३ मुले येतील. केवळ ढिसाळ मोजणीने फैलाव १.३ झाला तर हजारात ६२ येतील. एकही मूल बारीक झालेले नाही, यादी मात्र जवळपास तिप्पट. तीव्र कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रातील जागा या खोट्या नावांनी भरतात आणि खरे मूल घरी राहते. उलट वरून दट्ट्या आला की सगळे आकडे सुरक्षित बाजूला सरकवले जातात. तो प्रकार वेगळा. त्यावर चाचणीचा उपाय नाही.

चाचणी अशी घ्यावी. एका बीटमधील (एका मुख्यसेविकेच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतील) पाच सेविका आणि मुख्यसेविका, १० मुले, त्यांतली निम्मी दोन वर्षांखालची. प्रत्येकीने प्रत्येक मूल दोनदा मोजायचे. पहिल्या फेरीचा कागद काढून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या फेरीत आठवणीतला आकडा उतरतो. सहा जणींचे मिळून १२० वेळा मोजणे होते. लांबी-उंचीला प्रत्येकी दोन मिनिटे धरली तर एका फळीवर चार तास, दोन फळ्यांवर दोन तास. सकाळीच सुरू करा, मुलांना मध्ये खाऊ आणि विसावा द्या. सहापेक्षा जास्त जणी एका गटात घेऊ नयेत. मुले कंटाळली की शेवटचे आकडे निकामी होतात.

हिशेब पाचवीच्या गणिताच्या थोडा पलीकडचा आहे. प्रत्येक मुलाच्या दोन मापांतला फरक घ्या, वर्ग करा, दहांची बेरीज करा, २० ने भागा, वर्गमूळ काढा. समजा एका सेविकेचे फरक सेंटिमीटरमध्ये ०.२, ०.४, ०.१, ०.६, ०.३, ०, ०.५, ०.२, ०.९ आणि ०.३ आले. वर्गांची बेरीज १.८५, २० ने भागून ०.०९२५, वर्गमूळ सुमारे ०.३. हात वाईट नाही. पण १.८५ पैकी ०.८१ एकट्या नवव्या मुलाचे आहेत. त्याच्याजवळ बसून पाहिले की कळते: गुडघे, किंवा वाचताना डोळा पट्टीच्या समोर नव्हता. मुख्यसेविकेच्या आकड्यांशीही ताळा करावा. एखादीचा प्रत्येक आकडा सारखाच कमी येत असेल तर दोष तिच्या पद्धतीत आहे, घाईत नाही. नापास झालेल्या सेविकेला नोटीस देऊ नये, अर्धा दिवस शिकवून पुन्हा बसवावे. नोटिसा निघाल्या तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे फरक शून्य येतील.

मोहीम संपल्यावर तपासायला एक सोपी खूण आहे: उंचीच्या आकड्यांतला शेवटचा अंक. ० आणि ५ मिळून साधारण पाचात एकदा यायला हवेत. निम्म्या नोंदी ८२.०, ७९.५ अशा असतील तर पट्टी वाचलेलीच नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या मोबाइल अॅपमधील नोंदींतून हे तपासायला जिल्हा कार्यालयात एक दिवस पुरेल. राज्याच्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे काम २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झाले. त्या भागाला हे जड जाऊ नये.

शेवटी ऊसतोडीचे. दसरा झाला की बीडसह अनेक तालुक्यांतून टोळ्या जातात, मुले बरोबर. ती परततात गुढीपाडव्याच्या पुढे-मागे. सप्टेंबरच्या मोजणीत थंडीतल्या कोपीवरचे (ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीतले) महिने दिसतच नाहीत. टोळी निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर आठवड्याच्या आत एकदा, अशी दोन मोजमापे ठेवावीत. मधल्या काळासाठी ६ महिने ते ५ वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या आईजवळ दंडघेराची पट्टी द्यावी. नायजर देशात आयांनी हे काम चांगले करून दाखवले आहे. दंड सैल सोडून, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर पट्टी लावायची, कातडी चिमटणार नाही आणि फटही राहणार नाही अशी. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबायचा. खड्डा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी दवाखाना गाठायचा. पट्टी घडी घालून कनवटीला खोचली की मोड पडते आणि माप चुकते, म्हणून ती गुंडाळून डब्यात ठेवायला सांगावे. कारखान्याजवळच्या अंगणवाडीचे नाव आणि सेविकेचा फोन पट्टीच्या मागे पेनाने लिहून द्यावा.

आपले,
सामुदायिक पोषण विषयाचे काही अध्यापक, परभणी