तारीख मी स्वीकारली आहे

लंडन,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर मी बाबांच्या हृदयाच्या तपासणीचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून आज सगळे सविस्तर लिहून पाठवत आहे. हॅम्पस्टेडच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील नॅशनल अमायलॉइडोसिस सेंटरने बाबांना १४ आणि १५ ऑक्टोबर असे दोन दिवस दिले आहेत. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून संपर्कासाठी माझा नंबर दिलेला होता, त्यामुळे तो फोन मला आला आणि मी लगेच होकार दिला. तुमची ११ तारखेची मुंबईची तिकिटेही मी पुढे ढकलली आहेत. तुम्हाला न विचारता हे केले, याची टोचणी मला त्या क्षणापासून आहे. सांगलीची दिवाळी, वाड्याची डागडुजी, माईकाकूंना दिलेला शब्द, हे सगळे मला ठाऊक आहे. माईकाकूंशी मी स्वतः बोलले. त्या म्हणाल्या, "वाडा कुठे पळून जात नाही, त्याला आधी दाखवून आण."

बाबा, तुम्ही म्हणाल की डर्बीचे हृदयरोगतज्ज्ञ चांगले आहेत, मग लंडनला कशाला? ते चांगले आहेत म्हणूनच त्यांनी या केंद्राला तुमच्याविषयी पत्र पाठवले. तुमच्या हाडांच्या स्कॅनमध्ये हाडांसाठी टोचलेले द्रव्य हृदयात जाऊन बसलेले दिसले, तेव्हा त्यांनी आपल्याला अमायलॉइड हा शब्द पहिल्यांदा समजावून सांगितला. शरीरातलेच एक प्रथिन आपली घडी मोडून धाग्यांसारखे होते आणि अवयवांत साचत जाते. हृदयात साचले की हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते, नीट सैलावत नाही, आणि मग पायांवर सूज येते, दम लागतो. कोणते प्रथिन साचते आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि बाबांच्या बाबतीत नेमके तिथेच अडले आहे. हृदयात साचणारे प्रथिन बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असते. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होते आणि थायरॉइडचे संप्रेरक व अ जीवनसत्त्व वाहून नेते. दुसरे म्हणजे लाइट चेन, ते अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशींतून येते. स्कॅन पाहिला तर पहिल्याची शक्यता मोठी वाटते, परंतु रक्ताच्या तपासणीत दुसऱ्याचीही थोडी खूण सापडली आहे. सत्तरी ओलांडलेल्या शंभर जणांमागे सुमारे पाच जणांच्या रक्तात अशी खूण निरुपद्रवीपणे असते, त्यामुळे ती दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ती असताना नुसत्या स्कॅनवर विसंबता येत नाही, कारण लाइट चेनच्या आजारातही काही वेळा स्कॅन असाच दिसतो.

हे इतके उलगडून लिहिते आहे, कारण दोन्हींचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. लाइट चेनचा आजार असेल तर त्या पेशींवर केमोसारखी औषधे लवकर सुरू करावी लागतात आणि त्यात आठवडेही मोलाचे असतात. ट्रान्सथायरेटिनचा असेल तर त्याच औषधांनी फायदा काहीच होत नाही, आणि बाबांच्या हृदयाला नको तो त्रास मात्र होतो. हा निर्णय एकट्या हृदयरोगतज्ज्ञाचा नाही आणि एकट्या रक्तविकारतज्ज्ञाचाही नाही. दोघांनी एकाच टेबलाशी बसून, जोडीला मूत्रपिंडाचे, मज्जातंतूंचे आणि जनुकांचे जाणकार घेऊन तो करावा लागतो.

अशी जागा शोधण्यात माझे तीन महिने गेले. दादा अमेरिकेतून बॉस्टनचा आग्रह धरत होता. तिथल्या विद्यापीठाचे केंद्र फार जुने आणि नावाजलेले आहे, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकचेही तसेच. युरोपात इटलीतील पाविया आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अशी केंद्रे आहेत. परंतु विम्याशिवाय बाबांना समुद्रापलीकडे नेणे मला पटेना, आणि इतक्या लांबचा विमानप्रवास या पायांना सोसेल असेही वाटेना. प्रत्येक ठिकाणाविषयी मी तेच प्रश्न विचारत गेले: वेगवेगळे तज्ज्ञ एकाच भेटीत पाहतात का, बाहेरून आलेला पेशींचा नमुना स्वतः पुन्हा तपासतात का, कोणते प्रथिन आहे ते ठरवण्याची सोय त्यांच्याकडे आहे का, जनुकाची तपासणी होते का, आणि पुढची देखरेख घराजवळच्या डॉक्टरांबरोबर वाटून घेतात का. पुण्यात चांगले डॉक्टर नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही, बाबा. तुमचे डेक्कनवरचे मित्र तर घरच्यासारखे आहेत. पण या एका आजारासाठी देशभरचे रुग्ण जिथे येतात आणि जिथे डॉक्टर रोज हेच पाहतात, अशी जागा आपल्याला गाडीने गाठता येत असताना मी दुसरीकडे कशी बघू?

हे केंद्र १९९९ मध्ये रॉयल फ्रीमध्ये सुरू झाले. सर मार्क पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएपी स्कॅन नावाची तपासणी विकसित केली आहे, आणि तिच्यात यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे यांत अमायलॉइड किती साचले आहे ते दिसते. हृदय तिच्यात दिसत नाही, म्हणून त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि एमआरआय वेगळे असतात. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, कोणत्याही डॉक्टरांचे पत्र तिथे चालते आणि आपल्याला एक पेनीही द्यावी लागत नाही. आई, खर्चाचे तुझ्या मनात होते ना, ते काढून टाक.

आता दोन दिवसांत काय होईल तेही सांगते, म्हणजे रात्री उगाच विचार करत बसणार नाही. रक्त आणि लघवी तपासतील, ईसीजी, इको, सहा मिनिटे चालायला लावून किती अंतर कापले ते मोजतील. एसएपी स्कॅनसाठी शिरेतून किंचित किरणोत्सारी आयोडीन जोडलेले प्रथिन देतात, म्हणून गळ्यातल्या ग्रंथीच्या रक्षणासाठी आयोडीनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या केव्हा घ्यायच्या ते पत्रात लिहिलेले आहे आणि मी त्या दिवशी आठवण करीनच. पोटाच्या कातडीखालच्या चरबीचा एक लहानसा नमुना बधिर करून सुईने काढण्याची शक्यता आहे. त्यावर काँगो रेड नावाचा रंग टाकतात, आणि अमायलॉइड असले की विशिष्ट प्रकाशात ते कोवळ्या हिरव्या सफरचंदासारखे चमकते. त्यानेही उलगडा झाला नाही तर हृदयाचा नमुना घ्यावा का, हे ते सगळे मिळून ठरवतील आणि आपल्याला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. त्याचा विचार आज करू नका.

बाबा, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सात वर्षांची असताना माझ्या कानाची शस्त्रक्रिया होती, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तुम्ही रुमालाचा उंदीर केला होता. तो तुमच्या तळहातावरून उडी मारून माझ्या खांद्यावर यायचा आणि मला आत नेईपर्यंत तुम्ही तो थांबवला नाहीत. गेल्या नाताळात धाकटीने तोच उंदीर मागितला. तुम्ही रुमाल दुमडलात, गुंडाळी केलीत, आणि शेपटी ओढायच्या वेळी अंगठा आणि तर्जनी एकत्र येईनात. तुम्ही रुमाल घडी करून खिशात ठेवलात आणि तिला म्हणालात, "आज उंदीर झोपलाय." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. दोन्ही मनगटांच्या शस्त्रक्रिया २०१५ आणि २०१७ मध्ये झाल्या, त्या वेळी कामाचे हात आहेत, होतेच असे, म्हणून आपण सोडून दिले. हृदयाची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी हेच अमायलॉइड मनगटात साचून बोटे बधिर करते, दोन्ही हातांना करते, हे मला या वर्षी कळले. बारा वर्षे चाललेली रक्तदाबाची गोळी आपोआप सुटली तेव्हा आई, तू पेढे केले होतेस. तीही एक खूणच होती. आणि एका रुग्णालयात सगळे वयावर ढकलून बिसोप्रोलॉल दिले, त्या गोळीनंतर बाबा ओट्याजवळ कोसळले, हे आठवले की अजून माझा हात थरथरतो. ताठ झालेल्या हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येत नाही, त्याची भिस्त ठोक्यांच्या संख्येवर असते, आणि ती गोळी नेमके ठोकेच कमी करते. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. हा आजार ओळखण्याची सवय असलेले डोळे लागतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

ट्रान्सथायरेटिनचा आजार निघाला तर त्यावर आता औषध आहे. टॅफामिडिस ही ६१ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून एकदा घ्यायची असते. त्या प्रथिनाचे चार तुकडे एकमेकांना धरून राहतात, ते सुटू नयेत म्हणून ती त्यांना बांधून ठेवते. साचलेले ती काढत नाही, नवे साचणे मंदावते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत अडीच वर्षांत ती न घेणाऱ्यांतले सुमारे ४३ टक्के दगावले आणि घेणाऱ्यांतले सुमारे ३० टक्के. हे आकडे लिहावेत की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पण बाबांना आकडे दिल्याशिवाय कोणतीही गोष्ट पटत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. इंग्लंडमध्ये हे औषध एनएचएसतर्फे द्यावे अशी शिफारस जून २०२४ मध्ये झाली. त्याचा फायदा जितक्या लवकर सुरू करू तितका अधिक, म्हणून आणखी थांबायला मी तयार नव्हते.

हा आजार घराण्यातून आला आहे का ते पाहण्यासाठी जनुकाची तपासणीही ते करतील. आप्पांच्या पायांना येणाऱ्या मुंग्या आणि त्यांचे शेवटचे दिवस तुम्हाला आठवतील, मलाही आठवतात. बाबांच्या वयात बहुधा हा आजार आनुवंशिक नसतो, वयाबरोबर येतो, आणि मीही तसेच धरून चालले आहे. तसे नसलेच, तर दादाला आणि मला तो जनुक मिळालेला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. दादाशी माझे बोलणे झाले आहे, आम्ही दोघेही स्वस्थ आहोत. "माझ्यामुळे पोरांना" हे वाक्य बाबांनी मनातसुद्धा आणायचे नाही. तुमच्यामुळे आम्हाला काय मिळाले त्याची यादी फार मोठी आहे.

राहण्याची काळजी करू नका. खालची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, जिना चढायचा नाही, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे आणि बाबांना लागतात तशा दोन उंच उशा आणल्या आहेत. आईसाठी सहाणखोड, देवांसाठी कोनाडा आणि सकाळच्या चहाचे पितळी भांडे तयार आहे. दिवाळी इथेच करू. चकल्या मी तळीन, आई, तू फक्त खुर्चीवर बसून भाजणी बघ.

आता मात्र ऐका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करून वहीत लिहायचे, आणि दोन दिवसांत दोन किलो वाढले तर माझी वाट न बघता डर्बीच्या परिचारिकेला फोन करायचा. बाहेर जायचे आहे म्हणून अंगातले पाणी काढणारी गोळी चुकवायची नाही. पापड आणि लोणचे बंद. आई, संध्याकाळी मोज्याचा वळ बोटाने दाबून पाहतेस ते पाहत राहा, पण खड्डा किती वेळ राहतो तेही लिही. हळदीच्या कॅप्सूल आणि तो पाठवलेला काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. अंथरुणातून उठताना बाबांनी आधी काठावर मिनिटभर बसायचे. गोळ्या डब्यातून काढून पुडीत बांधून आणू नका, मूळ खोक्यांसकट आणा. कानाच्या यंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या, पुढे बटणे असलेला सैल सदरा आणि चालायचे बूट वेगळ्या पिशवीत. डॉक्टरांनी कसे वाटते विचारले की "उत्तम" म्हणायचे नाही. तिसऱ्या पायरीवर थांबता हे सांगायचे. तुम्ही सांगितले नाही तर मी सांगेन, आणि मग तुम्ही माझ्याकडे रागाने पाहाल, तेही चालेल.

मी १२ तारखेला दुपारी डर्बीला येते. रात्री तिथेच मुक्काम करून १३ला सकाळी निघू. मोटारवेवर दर तासाला थांबू, घाई नाही.

कळावे, लोभ आहेच तो वृद्धिंगत व्हावा.

तुमची,
लेक

ता. क. जिन्याखालच्या लोखंडी पेटीत बाबांच्या मनगटांच्या शस्त्रक्रियांची निळी फाइल आहे. आई, ती आजच काढून पलंगाशेजारी ठेव, त्या कागदांवरच्या तारखा ते विचारणार आहेत.