गुडघ्याची वाटी सरकते? आधी मुलाची नखं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात गुडघेदुखीवर लेख आला, चांगला होता, पण सगळा साठीच्या पुढच्यांसाठी. माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिच्या गुडघ्याच्या वाट्या जन्मापासूनच लहान आहेत आणि हे कळायला आम्हाला सात वर्षं लागली, म्हणून लिहितेय.

सहा वर्षांची असल्यापासून जिना उतरताना तिचा गुडघा एकदम सटकायचा, वाटी बाहेरच्या बाजूला सरकायची, पाय हळूहळू सरळ केला की परत जागेवर यायची. एका डॉक्टरांनी सांगितलं सांधे सैल आहेत, वाढत्या वयात होतं, दुसऱ्यांनी नी-कॅप दिली, आणि दुखलं की पेनकिलर, तीसुद्धा वर्षानुवर्षं. घरात वेगळंच चाललेलं, पोटात असताना ग्रहण पाळलं नसणार असं मला ऐकावं लागलं, आणि खरं सांगते, कित्येक रात्री मी आठवत बसायचे की त्या दिवशी मी विळी हातात धरली होती का.

गेल्या चवथीला फुगडी घालताना वाटी सरकली ती परत बसेचना, म्हणून सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होती, तिने गुडघा बसवला आणि म्हणाली, बाळा हात दाखव बघू. शाळेत मुली हसतात म्हणून सणाला मीच तिला नेलपॉलिश लावून दिलं होतं, ते पुसायला लावलं. अंगठ्यांची नखं अर्धीच, मधे चिरलेली, करंगळीकडे जाता जाता बरी होत गेलेली, नखाच्या मुळाशी चंद्रकोर असते ती त्रिकोणी. मग कोपर सरळ करायला सांगितलं, पूर्ण होईना. मग माझ्या नवऱ्याला म्हणाली, आता तुमचे अंगठे दाखवा. तेही तसेच! सासऱ्यांचेही तसेच होते, 'आमच्या घराण्याची नखंच अशी' म्हणून कोणी कधी लक्षच दिलं नाही.

कमरेचा एक्सरे काढला तर दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागे शिंगांसारखे उंचवटे दिसले, ते दुखत नाहीत पण ह्या आजाराची पक्की खूण आहे म्हणे. नाव नेल पटेला सिंड्रोम, नेल म्हणजे नख आणि पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, साधारण 50 हजारांत एकाला असतो. ह्याचं जनुक 1998 साली सापडलं, तेच जनुक नखं आणि वाटी घडवतं आणि किडनीची गाळणीसुद्धा. ग्रहणाचा काही संबंध नाही. आई किंवा बाप कोणा एकाकडे असलं तरी प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी, आणि कधी कधी घरात कोणालाच नसताना पण होतं.

किडनीचं ऐकून माझे हातपाय गळाले. लघवी तपासली तर मुलीच्या लघवीतून प्रोटीन जात होतं, नवऱ्याच्या तर जास्तच, त्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत तरी. आणि आम्ही मुलीला इतकी वर्षं त्याच पेनकिलर देत होतो, ज्या किडनी नाजूक असताना टाळायच्या असतात! सगळ्यांचीच किडनी बिघडते असं नाही, थोड्यांचीच पूर्ण निकामी होते, पण सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणून वर्षातून एकदा लघवी आणि बीपी बघावंच लागतं, ब्लडप्रेशरच्याच काही गोळ्यांनी प्रोटीनची गळती कमी होते. डोळ्यांचं प्रेशरही बघायचं, काचबिंदू लवकर येऊ शकतो.

मूळ आजार जाणार नाही, पण गुडघ्यावर उपाय आहेत. मुलगी आता रोज मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम करते, आणि फिजिओथेरपीवालीने शिकवल्यापासून जिना सावकाश पण एकटी उतरते. वाटी परत परत निखळत राहिली तर ऑपरेशन, पण आधी एमआरआय, कारण ह्या मुलांच्या गुडघ्याची आतली रचनाच वेगळी असू शकते, आणि हाडं वाढतायत तोवर हाड कापून करायची ऑपरेशनं टाळतात. म्हणून घाई करू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही मुलांच्या तपासणीची सरकारी योजना 2013 पासून आहे, जन्मजात दोष लवकर शोधणं हे त्याचं पहिलंच काम. शाळेत तपासणीला येणाऱ्या टीमला माझी विनंती आहे, ज्या मुलाचा गुडघा सटकतो त्याची नखं बघा आणि लघवीत प्रोटीन तपासायची एक पट्टी बुडवून बघा, त्याला मशीन लागत नाही की फार पैसा लागत नाही. आमच्या मुलीची शाळेत तपासणी झाली होती, वजन-उंची-दात बघून पाठवलं, हात कोणी हातात घेतलेच नाहीत.

माझ्या नणंदेचा मुलगा 9 वर्षांचा आहे, पेडण्याला असतो, त्याचे अंगठे मी बघितलेत. उद्या लग्नाच्या वेळी लोक बोलतील म्हणून ती त्याला दाखवायला तयार नाही. फोनवर सांगून थकले. तुम्ही हे पत्र छापलंत तर कात्रण घेऊन मी स्वतः तिच्याकडे जाणार आहे.

एक आई, डिचोली