चार्जर किती बसवले यापेक्षा गाड्या किती चार्ज झाल्या ते सांगा : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहनमंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

सार्वजनिक चार्जिंगची प्रगती सांगताना सरकारी घोषणांमध्ये एकच आकडा पुन्हा पुन्हा येतो : किती चार्जर बसवले. तो वाढतोय याचा मला मनापासून आनंद आहे. मी रोज इलेक्ट्रिक गाडी चालवते आणि पुन्हा पेट्रोलकडे वळायची माझी अजिबात इच्छा नाही. पण मला जे हवं आहे, तेच नेमकं त्या आकड्यातून कळत नाही. बॅटरी उतरत आलेली गाडी घेऊन मी त्या केंद्रावर पोचले, तर ती चार्ज होईल का? शाळेच्या पटावर किती नावं आहेत यावरून आज वर्गात किती मुलं बसली आहेत ते समजत नाही. चार्जिंगच्या बाबतीत आपल्याकडे पट आहे, हजेरी नाही.

केंद्रावर प्रत्यक्षात काय घडतं ते आधी सांगते. अ‍ॅपमध्ये केंद्र हिरवं दिसतं, ‘उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं. मी गाडी लावते, जड केबल ओढून तिच्या टोकाची गन (प्लग) गाडीच्या सॉकेटमध्ये बसवते, ‘खट्’ असा आवाज येतो. स्क्रीनवर ‘कनेक्ट होत आहे’ येतं आणि मिनिटभराने लाल अक्षरात बिघाडाचा कोड. गन काढून पुन्हा लावायची, पुन्हा तेच. मदतवाहिनीवरचा मुलगा सौजन्याने बोलतो, दूरवरूनच मशीन रीस्टार्ट करून देतो, पण त्याच्या पडद्यावर मशीन ठीकच दिसत असतं. तोपर्यंत मागे दुसरी गाडी येऊन थांबलेली असते आणि तिच्या चालकालाही अ‍ॅपने हिरवाच रंग दाखवलेला असतो.

हे का होतं हे समजून घेतलं तर उपायही दिसतो. गन लावल्यापासून वीज वाहू लागेपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. पैशांची मंजुरी सर्व्हरकडून यावी लागते. मग गाडी आणि चार्जर आपसात बोलतात, बॅटरीला किती व्होल्ट आणि किती अ‍ॅम्पियर चालतील ते ठरवतात. इन्सुलेशनची तपासणी होते, दोन्ही बाजूंचा व्होल्टेज जुळवला जातो आणि मगच आतले कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) जोडले जाऊन प्रवाह सुरू होतो. यातली कुठलीही पायरी अडखळू शकते : मोबाइल नेटवर्क, अर्थिंग, घासलेली पिन, टायरखाली आलेली केबल, एखाद्या नव्या मॉडेलशी न जुळणारं सॉफ्टवेअर. चार्जर मात्र सर्व्हरला ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ एवढंच कळवत राहतो. त्याला स्वतःचा जो दोष ओळखता येत नाही, तो त्याच्या अहवालातही येत नाही. म्हणून मशीनने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर विसंबून केंद्राची विश्वासार्हता ठरवणं मला मुळातच चुकीचं वाटतं.

ही एकट्या माझी तक्रार नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली १८१ जलद चार्जिंग केंद्रं २०२२ मध्ये संशोधकांनी स्वतः फिरून तपासली. तिथले ६५७ पॉइंट (गाडी जोडायच्या जागा) त्यांनी एक एक करून तपासले : आधीच गाडी चार्ज होत असेल तर तो चालू धरला, नाहीतर गाडी जोडून दोन मिनिटं चार्जिंग टिकतं का ते पाहिलं. ७२.५ टक्के पॉइंट चालले. बाकीच्यांपैकी काहींची केबल गाडीच्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती, तर बहुतेकांमध्ये स्क्रीन, पैसे भरण्याची यंत्रणा, नेटवर्क किंवा गन यांपैकी काहीतरी बिघडलेलं होतं. केंद्रं चालवणाऱ्या कंपन्या त्या काळात ९५ ते ९८ टक्के उपलब्धता सांगत होत्या. ही दरी एखाद्याच्या खोटेपणातून आलेली नसावी. कंपनी मशीनला विचारत होती, संशोधकांनी गाडी जोडून पाहिली. काही दिवसांनी त्यांनी थोड्या केंद्रांवर पुन्हा फेरी मारली तेव्हा एकंदर चित्र तसंच होतं, म्हणजे मधल्या काळात दुरुस्तीने फारसा फरक पाडला नव्हता.

नियम करायचेच तर मोजमापाची व्याख्या आधी पक्की करावी लागेल. अमेरिकेने २०२३ मध्ये सरकारी निधीतून उभ्या राहणाऱ्या चार्जरसाठी वर्षाला ९७ टक्के चालू राहण्याची अट घातली. ऐकायला ९७ टक्के छान वाटतं, पण उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाचे सुमारे २६३ तास, जवळपास ११ दिवस. शिवाय वीजपुरवठा खंडित होणं, नियोजित देखभाल, तोडफोड, नैसर्गिक आपत्ती यांमुळे चार्जर बंद राहिला तर तो वेळ त्या हिशोबात धरलाच जात नाही. चालकाच्या दृष्टीने केबल चोरीला गेली काय आणि मशीन जळलं काय, दोन्हींचा अर्थ एकच.

ब्रिटनचा नियम वरकरणी जास्त कडक आहे. ५० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या चार्जरसाठी नोव्हेंबर २०२४ पासून तिथे ९९ टक्क्यांची अट लागू आहे आणि २४ तास मोफत मदतवाहिनी देणंही बंधनकारक आहे. पण ते ९९ टक्के मोजले जातात कंपनीच्या संपूर्ण नेटवर्कची सरासरी म्हणून. समजा एका कंपनीचे १०० चार्जर आहेत. त्यांतले ९९ वर्षभर एकदाही बंद पडले नाहीत आणि एक वर्षभर बंदच राहिला, तरी सरासरी ९९ टक्केच येते. तो एक बंद चार्जर शहरातल्या गर्दीत असेल तर कुणाचं फारसं अडत नाही, पुढच्या चौकात दुसरा मिळतो. तोच एखाद्या लांब, निर्मनुष्य रस्त्यावरचा एकमेव चार्जर असेल तर? त्या रस्त्याने इलेक्ट्रिक गाडी नेणंच बंद होतं. हिशोबात दोन्ही बिघाड सारखे, रस्त्यावर मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

मंत्री महोदय, मला आपल्यापुढे मांडायचं आहे ते इथेच आहे. चार्जर कुठे आहे आणि तो किती भरवशाचा आहे, हे दोन वेगळे विषय म्हणून दोन वेगळ्या फायलींत हाताळले जातात. चालकासाठी तो एकच विषय आहे. चार्जर किती भरवशाचा असायला हवा, हे पुढचं चालू केंद्र किती लांब आहे यावरून ठरलं पाहिजे. दोन किलोमीटरवर पर्याय असेल तर थोडी ढील चालेल. ऐंशी किलोमीटरवर असेल तर तिथे एकाहून अधिक स्वतंत्र मशीन हवीत, सुटे भाग जवळच्या गावात ठेवलेले हवेत आणि बिघाड किती तासांत दूर करायचा याची मुदत करारात लिहिलेली हवी.

आज साधारण उलट होतं. जिथे वाहतूक दाट तिथे धंदा होतो, म्हणून तिथे मशीन जास्त आणि तंत्रज्ञही हाताशी. जिथे गाड्या कमी तिथे एखादाच चार्जर आणि तो दुरुस्त करायला माणूस लांबून येणार. दिवसाला दोन-चार गाड्यांसाठी कुणी खासगी कंपनी धावाधाव करणार नाही, तिला दोष देऊनही उपयोग नाही. सरकारी पैशाची खरी गरज तिथेच आहे. शहरातल्या गजबजलेल्या चौकात बाजार आपणहून येईल.

अंतराचे नियम जगात बरेच झाले आहेत. युरोपीय संघाने आपल्या मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला जलद चार्जिंग केंद्र असावं असं कायद्यात लिहिलं. अमेरिकेच्या योजनेत हे अंतर ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर धरलं गेलं, केंद्र महामार्गापासून मैलभराच्या आत असावं असं ठरलं आणि एका जागी किमान चार पॉइंट हवेत, चारही एकाच वेळी प्रत्येकी १५० किलोवॅट देऊ शकले पाहिजेत, अशी अट होती. यातली चार पॉइंटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक बिघडला तरी तीन उरतात. मात्र चारही पॉइंट एकाच ट्रान्सफॉर्मरवर, एकाच मोडेमवर आणि पैसे भरण्याच्या एकाच यंत्रणेवर असतील, तर ते चार असूनही एकदमच बंद पडतात. तेव्हा पॉइंट मोजताना ते किती स्वतंत्र आहेत हेही तपासायला हवं. निदान सर्व्हरशी संपर्क तुटला तरी चार्जिंग सुरू करता येईल एवढी सोय प्रत्येक मशीनमध्ये असावी.

जागेच्या निवडीबद्दल आणखी थोडं. केंद्र बहुतेक वेळा जिथे मोकळी जमीन मिळते किंवा जिथे वीजजोडणी पटकन होते तिथे उभं राहतं. १५० किलोवॅटचे चार पॉइंट म्हणजे ६०० किलोवॅटचा भार. तो झेलणारी वाहिनी हवी तिथे नसते आणि नवी टाकायला वेळ लागतो, हे मी समजू शकते. पण म्हणून वाहतूक विभागाने आधी वीज कुठे आहे ते पाहून केंद्र ठरवायचं आणि चालकाने वाट वाकडी करून तिथे जायचं, हा क्रम बदलला पाहिजे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर तर केंद्र कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा महत्त्वाचं. नकाशावर पाचशे मीटरवर दिसणारं केंद्र दुभाजकापलीकडे असेल, तर पुढचं वळण गाठून परत येण्यात कित्येक किलोमीटर जातात, आणि तेसुद्धा बॅटरी तळाला गेलेली असताना.

चार्जरचा वेग आणि माणसाचा तिथला मुक्काम जुळतो का, हेही फारसं कुणी पाहत नाही. जिथे माणसं रात्रभर किंवा दिवसभर गाडी ठेवतात, तिथे ७ किलोवॅटचा साधा, संथ (एसी) चार्जर पुरतो. आठ तासांत तो ५६ युनिट भरतो, मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी बहुतेक भरते. तिथे महागडा जलद चार्जर बसवला की गाडी अर्ध्या तासात भरते आणि मालक आला नाही म्हणून पुढचे तीन तास जागा अडवून उभी राहते. उलट महामार्गावर ७ किलोवॅटचा चार्जर असून नसल्यासारखा. ज्यांच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा नाही, जे रस्त्याकडेला गाडी उभी करतात, त्यांच्यासाठी वस्तीतले संथ चार्जर हीच खरी सोय. त्यात उद्घाटनाच्या फोटोसारखं काही नाही, पण इलेक्ट्रिक गाडी सर्वसामान्यांना परवडण्याजोगी व्हायची असेल तर पैसा तिथेही गेला पाहिजे.

आणि कृपया केंद्रावर माणूस अर्धा-पाऊण तास थांबतो हे लक्षात ठेवा. ८० टक्क्यांनंतर बहुतेक गाड्यांचा चार्जिंगचा वेग उतरतो, पुढे रांग असेल तर थांबणं आणखी वाढतं. रात्री एकटी बाई अंधाऱ्या आवाराच्या मागच्या कोपऱ्यात तेवढा वेळ थांबेल, असं गृहीत धरून जागा निवडली जाते याचा मला राग येतो. दिवे, स्वच्छतागृह, डोक्यावर छप्पर, आसपास माणसांचा वावर यांना सजावट म्हणू नका. छप्पर नसेल तर भर उन्हात स्क्रीन वाचता येत नाही आणि पावसात गन हातात धरायला भीती वाटते. व्हीलचेअरवरच्या चालकाला पदपथाच्या कडेवरून मशीनपर्यंत जाता येत नाही, जड केबल उचलता येत नाही, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर नसते. ब्रिटनमध्ये यासाठी २०२२ मध्ये ‘पास १८९९’ हे मानक तयार झालं, मशीनची उंची, मोकळी जागा, केबलचं वजन यांचा विचार त्यात आहे. नवं केंद्र बांधताना हे करणं स्वस्त पडतं. नंतर तोडफोड करून करणं महाग.

पैशांच्या वाटपाबद्दल स्पष्टच लिहिते. अनुदान जर चार्जर उभा राहताच पूर्ण मिळत असेल, तर तो पुढे चालू ठेवण्यात कुणाचा स्वार्थ उरत नाही. अनुदानाचा मोठा भाग मागे ठेवा आणि तो वर्षावर्षाने, पहिल्या प्रयत्नात यशस्वी झालेल्या चार्जिंगच्या प्रमाणावर द्या. हे मोजणं अवघड नाही. गन लावल्याची आणि त्यानंतर किती युनिट गेले याची नोंद मशीनमध्ये होतच असते. गन लागली आणि एकही युनिट गेलं नाही, तर तो अपयशी प्रयत्न. दोष गाडीचा असो, चार्जरचा असो की नेटवर्कचा, आधी तो मोजला जाऊ द्या, मग जबाबदारी ठरवा. सोबत स्वतंत्र तपासनीस अधूनमधून, न कळवता, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेऊन केंद्रांवर जाऊ देत. पेट्रोलपंपावरच्या मापाची तपासणी होते, मग इथे का नको?

आपल्याकडे माझी मागणी अशी. चार्जिंग केंद्रांची पुढची यादी प्रसिद्ध होईल तेव्हा प्रत्येक केंद्रासमोर तीन गोष्टी छापा : मागच्या तीन महिन्यांत पहिल्या प्रयत्नात किती टक्के गाड्या चार्ज झाल्या, शेवटचा बिघाड दुरुस्त व्हायला किती तास लागले आणि तिथून पुढचं चालू केंद्र किती किलोमीटरवर आहे. यादी या तिसऱ्या आकड्याच्या उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे सगळ्यात एकाकी केंद्रं सगळ्यात वर येतील. त्यांतली जी बंद आहेत ती कधी सुरू होतील, याची तारीख आपण जाहीर करावी.

उत्तराची वाट पाहते. कळावे,

आपली,
इलेक्ट्रिक गाडी चालवणारी एक नागरिक