बातमी तपासायला कधी शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या या दिवसांत पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती पानोपानी दिसत आहेत. सुसज्ज स्टुडिओ, ड्रोन, पॉडकास्टची खोली, अँकरिंग, एआयची ओळख असे बरेच काही त्यांत असते. कागद वाचून बातमी तपासायला किती तास शिकवणार आणि कोण शिकवणार, हे मात्र शोधूनही सापडत नाही. मोबाइलवर चित्रीकरण आणि संपादन मुले आपापली शिकून घेतात. तपासणे कुणीतरी शेजारी बसवूनच शिकवावे लागते.

पूर्वी ही उणीव वृत्तपत्रांच्या कचेऱ्या भरून काढत. बातमीदाराची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, उपसंपादक, मुख्य उपसंपादक, मुद्रितशोधक अशा तीन हातांखालून जाई आणि नवा मुलगा वर्षभरात शहाणा होई. आता मुद्रितशोधकाचे पद बहुतेक ठिकाणी गेले आहे. डेस्कवरचा एकच माणूस पान लावतो, संकेतस्थळासाठी मथळे करतो आणि समाजमाध्यमांवर बातम्याही टाकतो. कॉपी वाचून उलट प्रश्न विचारायला त्याला उसंत नाही. म्हणून नोकरीत मिळणारे शिक्षण आता वर्गातच मिळायला हवे.

गुन्हेवृत्ताचेच पाहा. पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते आणि तासाभरात जशीच्या तशी प्रसिद्ध होते. बालकावरील अत्याचाराच्या बातमीत मुलीचे नाव गाळले की कर्तव्य संपले, असे अनेकांना वाटते. पण त्याच बातमीत आरोपीचे पूर्ण नाव, गाव आणि ‘हा पीडितेचा मामा’ असे नाते छापले, तर सगळ्या गावाला मुलगी कळते. आरोपीचे नाव एका दैनिकाने दिले आणि नाते दुसऱ्याने, तरी परिणाम तोच. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ केवळ नावापुरते नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटवणारा कोणताही तपशील देण्यास त्यात मनाई आहे आणि शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. यावर तासभर व्याख्यान देऊन उपयोग नाही. अशा पाच प्रेसनोट मुलांपुढे ठेवाव्यात आणि प्रत्येकीतले कोणते शब्द गाळायचे, ते कारणासह लिहून घ्यावे. आरोपीचे नाव द्यायचे की नाते, हा निर्णय एकदा स्वतः घेतला की विद्यार्थी तो विसरत नाही.

कायद्याच्या नोट्सही जुन्या झाल्या आहेत. खुनाचे ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८(४) झाले आहे. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू असल्याने दोन्ही शिकवणे भाग आहे. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून गेला आणि त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला. तरी झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये १८६७ च कायम आहे आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळतात.

दुसरी मोठी दुखरी जागा आकड्यांची. महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात भर घालते, सर्वसाधारण सभा आणखी घालते आणि प्रत्येक वेळी वाढलेला आकडा मथळ्यात जातो. उत्पन्न तेवढे येणार कुठून, हे विचारायचे तर तीन रकाने शेजारी मांडावे लागतात: मागच्या पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मग पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जफेड हा बांधील खर्च वजा केला की नव्या कामांना खरोखर काय उरते ते दिसते. हे गणित दहावीच्या पातळीचे आहे, पण ते कुणी करून घेत नाही. मागणी, म्हणजे आकारलेला एकूण कर, तेवढीच असताना करवसुली ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर ‘वसुलीत १० टक्के वाढ’ हा मथळा चुकीचा आहे. जमा रक्कम २५ टक्क्यांनी वाढलेली असते.

२०२२ पासून पुढे काही वर्षे राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. सभागृहच नसल्याने नगरसेवकाने उठून विचारायचे आणि बातमीदाराने टिपून घ्यायचे, हा रोजचा मार्ग बंद झाला. ज्यांना ठराव, निविदा आणि लेखापरीक्षण अहवाल वाचता येत होते, त्यांचे काम त्या काळातही चालू राहिले. बाकीच्यांच्या हाती प्रशासनाची प्रेसनोट उरली. तेव्हाच पत्रकारितेच्या सर्व विभागांनी आपले अभ्यासक्रम बदलायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माहितीचा अधिकार तर सगळीकडे शिकवला जातो, पण परीक्षेतल्या टिपेसारखा. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एक अर्ज करायला हवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पहिले अपील, त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे अर्ज वेळेत गेला तर अपिलापर्यंतचा प्रवास एका सत्रात बसतो. दिवाळीनंतर अर्ज केला तर काहीच हाती लागत नाही. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. त्याला १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावता येते. ‘रस्ता का खचला?’ असे विचारले की अर्ज हमखास फेटाळला जातो, कारण कायदा अभिलेखावर असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नोंद, अदा केलेल्या देयकाची प्रत आणि दोषदायित्व कालावधीची (ठेकेदाराने कामातले दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीची) अट मागितली, तर तोच प्रश्न कागदांतून सुटतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम ८(१)(ञ) बदलल्यावर ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. त्यामुळे कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा मुद्दा अर्जात कसा मांडायचा, हेही आता शिकवावे लागेल.

व्हायरल चित्रफितींबाबत वर्गात सहसा एखाद्या टूलचे नाव सांगून मोकळे होतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाठवणाऱ्याला विचारायचे: तुम्ही स्वतः काढले की कुठून आले? स्वतः काढले असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागायची, कारण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तारीख आणि ठिकाणाच्या नोंदी निघून जातात. मग चित्रफितीतली दोन-तीन स्थिर चित्रे काढून उलट शोध घ्यायचा, म्हणजे ते चित्र इंटरनेटवर आधी कुठे आले ते शोधायचे, आणि सर्वांत जुनी नोंद गाठायची. त्यानंतर पाट्यांची भाषा, वाहनांचे क्रमांक, सावल्या, त्या दिवशीचा पाऊस. शेवटी त्या गावातल्या दोन वेगळ्या माणसांना फोन. पावसाळ्यात जुन्या पुराची दृश्ये ‘आत्ताची’ म्हणून फिरतात, त्यांतली बरीच या शेवटच्या फोनवरच पकडली जातात. व्हायरल शासन निर्णयही असाच तपासावा. खऱ्या निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो आणि तो राज्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटे पुरतात. एआयकडून सारांश किंवा भाषांतर करून घेतले, तर त्यातले प्रत्येक नाव, आकडा, तारीख आणि कलम मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय कॉपी पुढे जाता कामा नये.

हे सारे का होत नाही? साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाची एक कॉपी लाल शाईने नीट तपासायला पंधरा मिनिटे धरली, तरी पंधरा तास लागतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला या तासांचे मानधन मिळत नाही. तो अनेकदा दोन महाविद्यालयांत धावत असतो. दोष त्याचा नाही. कॉपी तपासण्याचे तास कार्यभारात धरले, तरच हे काम होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे व्यवसायातल्या अनुभवी माणसांना अध्यापक नेमण्याची, तरतूद केली असून मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. न्यायालय किंवा अर्थवृत्तात पंधरा-वीस वर्षे घालवलेली माणसे मराठी वृत्तपत्रांत आहेत, त्यांना वर्गात आणता येईल. नव्या शैक्षणिक धोरणातले चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण म्हणजे किमान १२० तास. ते सध्या पुष्कळदा समाजमाध्यमांचे मथळे करण्यात किंवा शिक्का-सही गोळा करण्यात संपते. त्याऐवजी प्रत्येकाला एक ग्रामपंचायत किंवा एक प्रभाग द्यावा. ग्रामसभेला हजर राहणे, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहणे आणि जागेवर जाऊन काम झाले का ते बघणे, एवढ्यात १२० तास सार्थकी लागतील.

या सगळ्यात तालुका वार्ताहर कुठेच नाही, याची आम्हाला सर्वाधिक खंत आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बहुतेक बातम्या त्याच्याकडून येतात. त्याला बहुधा पगार नसतो, जाहिरातीतला वाटा असतो. पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छा जाहिरातीसाठी ज्या सरपंचाकडे जायचे, त्याच्याच गावच्या पाणीयोजनेच्या देयकांविषयी त्याने लिहावे, ही अपेक्षा आपण त्याच्यावर लादतो. मानधन वाढवून जाहिरातीचे काम त्याच्याकडून काढून घेणे हे मालकांच्या हाती आहे आणि ते त्यांनी करायलाच हवे. प्रशिक्षण मात्र उद्यापासून सुरू होऊ शकते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईची गरवारे इन्स्टिट्यूट, अमरावतीचे आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) केंद्र आणि इतर विद्यापीठांचे विभाग यांनी जिल्हे वाटून घ्यावेत. दर तिमाहीस शनिवार-रविवार तालुक्याच्या गावी कार्यशाळा घ्यावी, पोक्सो, माहिती अधिकार, निविदा आणि छायाचित्र पडताळणी एवढेच विषय ठेवावेत. प्रवासखर्च वृत्तपत्रांनी द्यावा. ६ जानेवारीच्या पत्रकार दिनी गावोगावी सत्कार होतात, पहिली कार्यशाळा त्याच दिवशी घेता येईल.

आणि प्रवेश घेणाऱ्या मुलांनी व पालकांनी स्टुडिओ पाहून झाल्यावर तीन गोष्टी जरूर मागाव्यात: विभागाच्या प्रायोगिक वृत्तपत्राचे गेल्या वर्षीचे अंक, शिक्षकांनी तपासलेल्या दहा कॉपी आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जांची यादी. या तीन गोष्टी दाखवता येत नसतील, तर शुल्क भरण्यापूर्वी दुसरा विभाग पाहावा.

आपले,
पत्रकारितेचे अध्यापन आणि वृत्तसंपादन करणारे काही वाचक, पुणे