कालनिर्णयावरच्या खुणा वाचणाऱ्या मुलीस

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपताच तू खोलीला कुलूप लावून गावी गेलीस आणि आभार मानायचे राहूनच गेले. समोर बोलले असते तर "एवढं काय त्यात काकू" म्हणत तू जिना उतरली असतीस. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. परदेशातल्या मुलांनी आणून दिलेले लॅपटॉप मिरजेत काही माझ्या एकटीकडे नाहीत.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी मराठी शिकवायला बसते. तिकडे न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात, आणि सात मुलं वह्या उघडून माझी वाट बघत असतात. हा लॅपटॉप लेकाने तिकडेच घेतलेला, दिवाळीत मला देऊन गेलेला. तीन महिने या लॅपटॉपने मला रडवलं. एक दिवस घरचं वायफाय धरायचा, दुसऱ्या दिवशी यादीत आमच्या वायफायचं नावच नाही. पासवर्ड चुकण्याचा प्रश्नच नव्हता, टाकणार कुठे? शेजारच्यांची चार-पाच नावं मात्र ठळक दिसायची, आणि माझा फोन त्याच आमच्या वायफायवर मजेत चालायचा.

इंटरनेटवाला मुलगा दोनदा येऊन गेला. त्याच्या फोनवर सगळं ठीक होतं, म्हणून त्याने लॅपटॉप खराब ठरवला. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दोन दिवस उत्तम चालला, तरी फॉरमॅट मारून दिला. त्यात मुलांसाठी तयार केलेले माझे पाठ गेले. आणि जो तो म्हणायचा, "तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल." हे ऐकून ऐकून मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. त्याचा त्रास पाठ गेल्यापेक्षा जास्त होता.

तू वर आलीस तेव्हा सात वाजले होते. लॅपटॉपला हात लावायच्या आधी तू विचारलंस, "काकू, हे नेमकं कधी होतं?" तीन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तुला भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. दुधाच्या खाड्यांशेजारी मी 'लॅ. बंद' असं लिहीत होते, आणि लाइट गेली की 'ला.'. तू पानं मागे उलटलीस, चौकोनांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "लाइट जाऊन आली की मगच बिघडतं. आणि सुधारतं तेही तसंच."

मग तू तुझ्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलंस. लॅपटॉप लगेच जोडला गेला. म्हणजे त्याचं वायफाय कार्ड धडधाकट होतं, आणि तासही वेळेवर सुरू झाला. मी ओव्या समजावत होते तेव्हा तू माझा फोन घेऊन खाली सतरंजीवर बसली होतीस, आसपासची वायफाय दाखवणाऱ्या ॲपमध्ये डोकं घालून. तास संपल्यावर मला दाखवलंस. रंगीत कमानी, 1, 6 आणि 11 या आकड्यांवर शेजाऱ्यांची दाटी, आणि आमची एकटीच पार उजव्या टोकाला, 13 वर.

तू सांगितलेलं मी लिहून ठेवलं आहे. वायफायच्या लहरींच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ नावाच्या पट्ट्यात क्रमांक दिलेल्या वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्याकडे 1 ते 13 चॅनेल वापरतात, अमेरिकेत 11 पर्यंतच. तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या या लॅपटॉपचं कार्ड 12 आणि 13 कडे बघतच नाही. आमचा राउटर, म्हणजे घरात वायफाय देणारी डबी, 'ऑटो'वर, म्हणजे चॅनेल स्वतःच निवडणारा. लाइट आली की नव्याने सुरू होतो, मोकळं चॅनेल शोधतो आणि कधीकधी 13 वर जाऊन बसतो. मग लॅपटॉपपुरतं आमचं वायफाय नाहीसंच होतं. इथे घेतलेल्या फोनला ते दिसतं. राउटर साधाच, 5 गिगाहर्ट्‌झचा दुसरा पट्टा नसलेला, त्यामुळे दुसरी वाटही नव्हती.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून तू चॅनेल 'ऑटो'वरून काढून 6 वर कायम केलंस. तिथे गर्दी आहे, वेग थोडा कमी मिळेल, हेही आधीच सांगितलंस. दोन मिनिटांचं काम. पण तू तेवढ्यावर उठली नाहीस. मला राउटरचं बटण बंद करायला लावलंस, तीस आकडे मोजून चालू करायला लावलंस, दिवे स्थिर होईपर्यंत आपण दोघी बघत बसलो. असं पाच वेळा. पाचही वेळा लॅपटॉपने घरचं वायफाय धरलं. पाचव्या वेळी मला रडू आलं ते तुला दिसलं असावं, कारण तू उगाच वायर सारखी करत बसलीस.

पैसे घेतले नाहीस. मेतकुटाची बरणी तेवढी नेलीस, ती संपली असेल तर नवं दळून ठेवलं आहे.

मागच्या मंगळवारी इंटरनेटवाल्याने राउटर रिसेट केला. तू बजावलं होतंस त्याप्रमाणे चॅनेल परत ऑटोवर गेलं होतं. मी पत्ता टाकला, पान उघडलं आणि 6 करून टाकलं. कालनिर्णयावर तशी नोंद केली आहे. आलीस की बघ.

तुझी,
वरच्या मजल्यावरची काकू